भरल्या तोंडाचा नवरा

नवऱ्याचा राग सत्यशीलेला दारातच कळायचा, चपला कशा निघाल्या त्यावरनं. दोन्ही गुमान एकापाठोपाठ निघाल्या तर चहा टाकायचा. एक इकडं अन् दुसरी पाण्याच्या टाकीखाली गेली, तर चहाचं राहू द्या, आधी माव्याची पुडी पुढं करायची. मग गोकुळ भिंतीला टेकून बसायचा, सुपारी-तंबाखूचा तो चुन्यात घासलेला चुरा गालात दाबायचा, आणि बघता बघता माणसाची गाय व्हायची. वाळूजजवळच्या रांजणगावातल्या त्या भाड्याच्या दोन खोल्यांत या युक्तीवर तिनं चौदा वर्षं संसार ओढला. शेजारच्या बाया म्हणायच्या, बाई, तुझ्यासारखा शांत नवरा शोधून सापडायचा नाही. ती नुसतं "व्हय" म्हणायची. काय सांगणार, कप्पाळ? की शांत-बिंत काही नाही, त्याचं तोंड भरलेलं असतं?

युक्ती तिची नव्हे, सासूची. सारजाबाई कन्नड गावाच्या पुढं घाटाच्या अंगाला राहायची. घर मेंढरं राखणाऱ्यांचं. आता मेंढरं थोडी आणि दुसऱ्याच्या रानातली मजुरीच जास्त. सत्यशीला लग्न होऊन त्या घरात गेली तेव्हा गोकुळनं पहिल्या दोन वर्षांत भरली ताटं भिंतीवर मारली, मेव्हण्याची गचांडी धरली, आणि एकदा तान्ही सृष्टी रडायची थांबेना म्हणून पाळण्यालाच लाथ घातली. पोरगी वाचली ते नशीब. त्या दिवशी सत्यशीलेनं गाठोडं बांधलं. सारजाबाईनं तिला दारात अडवलं, आत नेलं आणि कानात मंत्र सांगावा तसं सांगितलं.

"एडका बिथरला तर त्याच्यापुढं काठी घिऊन उभं राहायचं नसतंय पोरी. पाला दाखवायचा. तोंडात पाला आला की त्याला टक्कर आठवत नाय. तुझ्या सासऱ्याला मी जल्मभर तंबाखू मळून देती, ती काय हौस म्हणून? तोंड भरलेलं असलं की शिवी भाईर पडत नाय."

सासरे सोनाजी तेव्हा ओट्यावर गालफड फुगवून बसले होते, देवासारखे. सत्यशीलेनं गाठोडं सोडलं.

पुढं सृष्टी तीन वर्षांची झाली तेव्हा गोकुळ वाळूजला कंपनीत लागला, पत्रा कापायच्या प्रेसवर. गावाकडची तंबाखू सुटली आणि टपरीवरचा मावा आला. सत्यशीला शहरात औरंगपुऱ्यातल्या एका साडीच्या दुकानाचं फॉल-पिकोचं काम घरी आणायची. येताना चौकातल्या टपरीवर रिक्षा थांबवून पुड्या घ्यायची. टपरीवाला तिला ताई म्हणायचा आणि सुटे पैसे नसले तर राहू द्या म्हणायचा. बाईमाणूस मावा घेतं याची आधी लाज वाटायची, नंतर तीही गेली. घरात कोथिंबीर संपली तर चालायचं, पुडी संपून चालायचं नाही.

आणि हे सगळं वाटतं तितकं सोपं नव्हतं, बरं का. पुडी वेळेवर द्यायला राग वेळेच्या आधी दिसावा लागतो. त्यामुळं तिचा एक डोळा साडीच्या काठावर आणि दुसरा त्याच्या कपाळावर. पोरीला मार्क कमी पडले हे कधी सांगायचं, घरमालकाचा निरोप कधी द्यायचा, भावाचा फोन आला तर उचलायचा की नाही, सगळं त्या कपाळाला विचारून. लग्नाकार्यात बाया फुगड्या घालायच्या आणि ही मांडवाच्या कडेला उभी राहून पुरुषांच्या पंगतीत आपला माणूस कुणाशी बोलतोय ते बघायची. रात्री पडल्यावर अंग असं दुखायचं की दिवसभर दगड फोडले असावेत, आणि केलेलं काय तर चार साड्यांना फॉल लावलेला.

दिवाळीच्या पुढंमागं गोकुळला ठेचा झोंबायला लागला. मग भाकरीचा घास मोठा व्हायला लागला. घास तेवढाच, तोंड लहान झालेलं. तो भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागला. एकदा जांभई अर्ध्यात अडकली तेव्हा मात्र तो भ्याला. सत्यशीला त्याला रिक्षात घालून शहरात दातांच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टर म्हणजे मोनिका नावाची पोरगीच, सृष्टीपेक्षा सात-आठ वर्षांनी मोठी असेल. तिनं गोकुळला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "काका, तुमची तीन बोटं उभी करून तोंडात घाला." पहिलं गेलं. दुसरं दातावर अडलं. तिनं आत बॅटरी मारली, गालाच्या आतून बोट फिरवलं आणि म्हणाली, "गाल चामड्यासारखा कडक झालाय. मावा ना?"

गोकुळनं मान हलवली.

"किती वर्षं?"

त्यानं बायकोकडं बघितलं. हिशेब तिच्याकडं होता.

"आजपासून बंद. कमी नाही, बंद. अजून गाठ नाहीये, पण तिला यायला वेळ लागणार नाही. आणि खाणं चालू ठेवलंत तर गाठीच्या आधी तोंडच मिटेल." मग तिनं टेबलाच्या खणातून आइस्क्रीमच्या काड्यांचा जुडगा काढला. काड्या एकावर एक ठेवायच्या, दाढांच्या मधे बसवायच्या, तोंड ताणून धरायचं, पाच मिनिटं. दिवसातून चार-पाच वेळा. आठवड्याला एक काडी वाढवायची. "दुखेल. पण घरचं कुणी बसलं सोबत की माणूस करतो. ताई, तुम्ही बसाल ना?"

"बसते की," सत्यशीला म्हणाली. दुसरं काय म्हणणार? नवऱ्याच्या तोंडात एवढी वर्षं काय काय बसवलं होतं तिनं, आता काड्या.

गोकुळनं घरी येऊन उरलेल्या पुड्या गटारीत फेकल्या. हे खरंच त्यानं स्वतः केलं. माणूस वाईट नव्हता हो. राग उतरला की रडायचा, तोडलेलं जोडून द्यायचा. पण तोंड रिकामं झालं आणि त्या तोंडात चौदा वर्षं दाबून ठेवलेलं एकेक बाहेर यायला लागलं. नळाला पाणी कमी आलं म्हणून आरडाओरडा. शेजारच्यानं गाडी आडवी लावली म्हणून आईबहीण. भाजीत मीठ जास्त, मग कमी, मग मीठच काहून लागतंय भाजीला. शेजारच्या बाया आता काही म्हणत नव्हत्या, दारं लोटून घेत होत्या. काड्या तो लावायचा, पण कसा? कंपनीत जाण्याआधी बादलीपाशी उभा राहून, मिनिटभर, आणि थुंकून द्यायचा.

सत्यशीलेची जुनी विद्या फुकट गेली. कपाळ दिसायचं, राग येताना दिसायचा, आणि द्यायला हातात काही नाही. गाडीचे ब्रेक गेलेत हे फक्त आपल्याला कळावं तसं तिचं झालं.

सृष्टी बारावीला होती. क्लासवरनं आली की ती आधी दाराबाहेर थांबायची आणि चपलांकडं बघायची. आपली पोरगीही चपला वाचायला शिकली, हे सत्यशीलेनं त्याच दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. एकदा पोरगी स्वयंपाकाच्या ओट्याशी येऊन हळूच म्हणाली, "आई, पप्पांना दे ना थोडा. माझी परीक्षा होईपर्यंत. मग बंद करू."

"डॉक्टर काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"ऐकलं." पोरगी खाली बघत म्हणाली. "एक महिन्यानं काय होतंय?"

सत्यशीलेनं तिला रागवावं की जवळ घ्यावं? तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही, भात उतरवला. दुसऱ्या दिवशी औरंगपुऱ्यातनं येताना मात्र तिनं टपरीवर रिक्षा थांबवली आणि एक पुडी घेतली. द्यायची म्हणून नाही, घरात असावी म्हणून. शिलाई मशीनच्या खणात, रिळांच्या खाली ठेवली. त्या रात्री तिला जरा बरी झोप लागली, आणि सकाळी त्याचीच शरम वाटली.

लेकाचं कळल्यावर सारजाबाई एस्टीनं आली, पिशवीत मेथी आणि कमरेला तंबाखूची चंची घेऊन. गोकुळ कामावर गेलेला. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि हात झटकला.

"आगं जा! डाक्टर पोरीस्नी काय कळतंय? तुझ्या सासऱ्यानं हयातभर खाल्ली. काय झालं त्याला?"

"मामंजी कशानं गेले, आत्याबाई?"

"दाढ दुखून गेले की. ठाव नाय का तुला?"

ठाव होतं. सत्यशीला तेव्हा आठ-पंधरा दिवस गावी राहून आली होती. दाढेचं दुखणं म्हणून गावच्या माणसाकडनं झाडपाला बांधलेला. गाल सुजून बाहेर आलेला. शेवटी शेवटी मामंजींना नुसती आंबील, तीही वातीनं पिळून घालायची, कारण...

"त्यांचं तोंड उघडत नव्हतं," सत्यशीला म्हणाली.

म्हातारी निवडायला घेतलेली मेथी तशीच हातात धरून बसली. बाहेर भंगारवाला ओरडत गेला. मग ती म्हणाली, "मरायच्या दिशीबी मागितली त्यानं. मीच मळून ओठात ठिवली. म्हनलं, जीव शांत व्हईल."

"तुम्हाला काय ठाव होतं, आत्याबाई."

"नव्हतं ठाव," म्हातारी म्हणाली. "पर मला बरं वाटायचं गं, त्यानं खाल्ली की."

दुपारच्या एस्टीनं ती परत गेली. लेकाला भेटायलाही थांबली नाही. सत्यशीला तिला रिक्षात बसवून घरी आली आणि मशीनच्या खणातली पुडी काढून फेकायला उठली. खरंच उठली. मग वाटलं, उद्या टाकू. एवढं ऐकूनसुद्धा उद्या टाकू! दमलेल्या माणसाचं असंच असतं, त्याला चांगलं-वाईट कळतं सगळं, फक्त उठवत नाही.

आणि तो उद्या उजाडला तो असा. पहिली पाळी करून गोकुळ चारच्या सुमाराला आला. एक चप्पल दारात, दुसरी थेट जिन्यावर. कंपनीत नव्या सुपरवायझरनं सगळ्यांसमोर त्याची मापं काढली होती; काय बोलला ते त्यानं सांगितलं नाही, घरभर दाखवलं. सृष्टी भिंतीशी बसून फोनवर क्लासच्या नोट्स वाचत होती. "दिवसरात्र ह्यो डबडा!" म्हणून त्यानं फोन हिसकावला आणि फरशीवर आपटला. काच गेली, नोट्सही त्यातच गेल्या. पोरगी रडली नाही. तुकडे ओढणीत गोळा केले, आईकडं एकदा पाहिलं आणि शेजारी निघून गेली. ते बघणं शिवीपेक्षा वाईट होतं.

"कुठंय?" गोकुळ ओरडला. "हाय तुझ्याकडं, मला ठाव हाय! कुठं लपवली?" तो फळीवरचे डबे खाली घेऊ लागला. डाळ सांडली, मग पोहे. "एकच दे. एकच! मंग नाय मागत. डोकं फुटायलंय माझं!"

सत्यशीलेनं मशीनचा खण ओढला आणि पुडी मुठीत घेतली. द्यायचीच होती. खोटं कशाला बोला, त्या क्षणाला तिनं ठरवून टाकलं होतं. महिनाभर तर द्यायची, पोरीची परीक्षा होऊ दे, पुढचं पुढं.

गोकुळला मूठ दिसली आणि तो जागच्या जागी थांबला. चेहऱ्यावरचा राग सर्रकन उतरला. त्यानं तळहात पुढं केला, खिरापतीला पोरं करतात तसा. त्याची नजर मुठीवर होती. मुठीच्या मागं बाई उभी होती, तिच्याकडं नव्हती. चौदा वर्षांत एकदाही नव्हती की काय, असं सत्यशीलेच्या मनात आलं, आणि आपल्याला काय होतंय ते तिला ओळखूच येईना. भीती तिला पाठ होती. ही भीती नव्हती.

"आधी काड्या," ती म्हणाली.

"आँ?"

"आधी काड्या लावा. पाच मिनिटं. मंग देते."

त्यानं दात खाल्ले, पण वाद घातला नाही. मूठ दिसत होती ना. खिडकीतला काड्यांचा जुडगा घेतला, मोजून एकावर एक धरल्या, आणि हातानं जबडा ओढत दाढांत बसवल्या. डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. तो भिंतीला टेकून खाली बसला आणि तिच्या मुठीकडं बघत राहिला.

सत्यशीला सांडलेल्या डाळीत उभी होती. समोर नवरा, तोंड सताड उघडं, आणि त्याला एक शब्द बोलता येत नव्हता.

"तुमच्या चपला ऐकते मी," ती म्हणाली. आवाज हळूच निघाला. "रोज. चौदा वर्षं. तुम्हाला ठाव तरी हाय का? जिन्यावर पाय वाजला की माझ्या पोटात गोळा येतो. लेकरू पोटात असताना यावा तसा नाय, दुसरा."

तो हलला. काडीला हात लावायला गेला.

"राहू द्या! पाच मिनिटं झाली नाय." तिचा आवाज चढला आणि तिलाच दचकायला झालं. या घरात तिचा आवाज कधी चढला नव्हता. "आज माझं ऐका. तुम्हाला राग आला की घरानं गप बसायचं. तुमचा राग गेला की घरानं हसायचं. मला कधी आला का राग? कुणी बघितला का? भावाच्या लग्नात अक्षता पडल्या की निघून आलो, जेवण केलं नाय, का? तर तुमचं कपाळ बदललं. आई म्हणली, जेवून जा गं. मी म्हणलं, मला भूक नाय. लई भूक लागली होती मला!"

हे एवढंसं आठवून ती रडायला लागली. पाळण्याची लाथ नाही, भिंतीवरची ताटं नाहीत, भावाच्या लग्नातलं जेवण आठवून. माणसाचं दुःख कुठं साठून बसेल, सांगता येत नाही.

"आणि मावा मीच दिला तुम्हाला," ती नाक पुसत म्हणाली. "माझ्या हातानं. तुम्ही खाल्ला की मला बरं वाटायचं. निवांत फॉल लावत बसायची मी, अन् तिकडं तुमचं तोंड मिटत व्हतं. आत्याबाईंनी मामंजींना असंच मिटवलं. दाढ दुखून नाय गेले ते. अशीच मिटवत जायची का आम्ही माणसं? राग तुमचा, अन् सांभाळायचा मी? नाय व्हत आता. दमले मी. तुमचा तुम्ही सांभाळा. मारा, फोडा, निघून जा, काय करायचं ते करा, पर माझ्या मुठीकडं बघून शहाणं होऊ नका."

बोलता बोलता ती धापा टाकायला लागली. गोकुळच्या तोंडातनं लाळ हनुवटीवर आणि तिथनं शर्टावर गळत होती. डोळ्यांतलं पाणी दुखण्याचं होतं की कशाचं, काड्या असलेल्या तोंडाकडं बघून कळत नव्हतं. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली असतील. त्यानं परत काड्यांना हात लावला नव्हता.

सत्यशीलेनं मूठ उघडली. घामानं पुडी मऊ पडली होती. "घ्या," ती म्हणाली, आणि पुडी त्याच्या पुढ्यात फरशीवर ठेवली. "मी कबूल केलं होतं. पर ही शेवटची माझ्या हातची. इथनं पुढं तुमचा हात अन् तुमचं तोंड."

त्यानं काड्या काढल्या. सत्यशीला सवयीनं एक पाऊल मागं सरकली, भिंतीकडं. त्यानं बाहीनं तोंड पुसलं, जबडा हातानं दाबून धरला. पुडीकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. बोटं मांडीवर वळवळत होती, एकदा पुढंही गेली, आणि पायावर परत आली. कपाळ तिला दिसत होतं. त्याच्यावर काय लिहिलंय ते आज तिला वाचता येत नव्हतं, आणि वाचायचंही नव्हतं.

मग त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"झालं तुझं?" त्यानं विचारलं. आवाज घोगरा आणि बारीक.

"नाय."

"लई हाय का अजून?"

"लई हाय."

गोकुळनं काड्या शर्टाला पुसल्या, एकावर एक जुळवल्या, आणि जेवढं उघडत होतं तेवढं तोंड उघडून परत दाढांत बसवल्या. सत्यशीला त्याच्यासमोर सांडलेल्या पोह्यांत मांडी घालून बसली आणि पहिल्या वर्षापासून सुरुवात केली.